कांपरा हात आणि पातळ रक्त

हातास कंप सुटणें हा आपल्या समाजांत रोग म्हणून गणला जात नाहीं. केस पिकण्यासारखेंच तें वार्धक्याचें एक लक्षण असें समजून घरांतील मंडळी तिकडे कानाडोळा करितात. दिसेनासें झालें तर चष्मा आणितात, गुडघे दुखूं लागले तर तेल कढवितात. पण हात कांपूं लागला तर "आतां वय झालें" एवढें म्हणून मोकळे होतात. ज्याचा हात कांपतो त्याचें मात्र या वाक्यानें समाधान होत नाहीं. इतर दुखणीं मनुष्य थोडींफार लपवूं शकतो. कांपरा हात लपवितां येत नाहीं. चार माणसांत चहाची बशी किणकिणूं लागली कीं सर्वजण सौजन्यानें दुसरीकडे पाहूं लागतात, आणि त्या सौजन्याचा त्रास प्रत्यक्ष कंपाहूनहि अधिक होतो.

आमचें वय आज त्र्याहत्तर आहे. भंडारा शहरांत तीस-बत्तीस वर्षें संस्कृत व मराठी शिकवून आम्ही निवृत्त झालों. घरांत थोरले बंधू, वहिनी, दोघां भावांचीं मुलें, सुना व नातवंडें मिळून तेरा-चौदा पानें रोज मांडलीं जातात. अशा घरांत दुखणें एकट्याचें राहत नाहीं. तें सर्वांच्या मालकीचें होतें, आणि त्यावरील उपायहि सर्वांच्या मालकीचे होतात. यांत जसें मोठें सुख आहे तसा एक धोकाहि आहे. त्या दोहोंविषयीं आमच्या वाचकांपुढें चार शब्द ठेवावे असें बरेच दिवस मनांत होतें. कारण आमच्या हातास कंप सुटला तेव्हां आमच्या रक्तांत अगोदरच दुसरें एक औषध येऊन बसलेलें होतें, आणि त्यामुळें साध्या वाटणाऱ्या गोष्टीस निराळेंच वळण लागलें.

पांच वर्षांपूर्वीं जिना चढतांना आम्हांस धाप लागूं लागली. नागपुरास जाऊन हृदयाचा आलेख काढला, तेव्हां असें निघालें कीं, हृदयाचे वरचे दोन कप्पे नियमानें आकुंचन न पावतां नुसते थरथरत आहेत. डॉक्टर लोक यास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हातास कंप सुटण्याच्या कितीतरी आधीं आमच्या हृदयासच कंप सुटलेला होता, म्हणावयाचा! या थरथरीमुळें वरच्या कप्प्यांत रक्त रेंगाळतें, रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूंत गेली कीं अर्धांगवायु होतो. अशा माणसास अर्धांगाचा धोका इतरांच्या सुमारें पांचपट असतो. आणि गुठळी होऊं न देणारें औषध नेमानें घेतल्यास त्यांपैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश धोका टळतो. तेव्हांपासून वॉरफरिन नांवाची गोळी आम्ही रोज सायंकाळीं घेतों. लोक तीस "रक्त पातळ करण्याची गोळी" म्हणतात. वास्तविक रक्त पातळ वगैरे होत नाहीं. आपलें यकृत "के" नांवाच्या जीवनसत्त्वाच्या साहाय्यानें रक्त गोठविणारीं द्रव्यें तयार करितें; या कामांत ती गोळी अडथळा आणिते, त्यामुळें रक्त गोठण्यास वेळ अधिक लागतो, इतकेंच.

या औषधाचा जन्मवृत्तांत मोठा मौजेचा आहे. अमेरिकेंत व कॅनडांत १९२० नंतरच्या वर्षांत गाईबैल रक्तस्राव होऊन मरूं लागले. मेथीच्याच गोत्रांतील स्वीट क्लोव्हर नांवाचा चारा ओला राहून बुरसला व तो जनावरांनीं खाल्ला, म्हणजे असें होतें, हें पशुवैद्यांनीं ओळखलें होतें. पण त्यांतील विष कोणतें, तें कळत नव्हतें. १९३३ च्या फेब्रुवारींत विस्कॉन्सिन राज्यांतील एड कार्लसन नांवाचा शेतकरी एक मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्तानें भरलेला दुधाचा डबा आणि तो बुरसलेला चारा गाडींत घालून, हिमवादळांतून विद्यापीठांतील कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारीं येऊन उभा राहिला. लिंक व त्याच्या सहकाऱ्यांनीं सहा वर्षें खपून १९३९ सालीं तें द्रव्य वेगळें काढलें. त्याच्याच धर्तीवर बनविलेलें वॉरफरिन १९४८ सालीं प्रथम बाजारांत आलें, तें उंदीर मारण्याचें औषध म्हणून! माणसांसाठीं त्याचा उपयोग १९५४ पासून होऊं लागला, आणि पुढल्याच वर्षीं अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांस हृदयविकाराचा झटका आला असतां तें देण्यांत आलें. आमचा जिल्हा धानाचा. घरोघरीं तांदुळाचीं पोतीं आणि पोत्यांमागें उंदीर ही स्थिति आम्हांस परिचयाची आहे. आजहि ब्रोमाडायोलोनसारखीं उंदरांचीं जीं औषधें दुकानांत मिळतात, तीं याच घराण्यांतलीं आहेत. ही हकीकत सांगण्याचा हेतु भीति घालण्याचा नाहीं. जें द्रव्य मात्रा चुकली तर मारतें व मात्रा साधली तर तारतें, त्याच्याशीं किती सावधपणें वागलें पाहिजे, तें यावरून ध्यानीं यावें.

ही मात्रा साधली कीं नाहीं, तें रक्ताच्या एका तपासणीनें कळतें. तीस आय्. एन्. आर्. म्हणतात. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा हा आंकडा १ च्या आसपास असतो. आमच्यासारख्याचा २ व ३ यांच्या दरम्यान असावा लागतो. हृदयांत धातूची झडप बसविली असेल तर झडपेच्या जागेप्रमाणें कित्येकदां त्याहून थोडा वर. २ च्या खालीं आला तर गुठळीचें भय, ३ च्या फार वर गेला तर रक्तस्रावाचें भय. दोहींकडे दरी असलेल्या बांधावरून चालण्यासारखें हें आहे. फरक इतकाच कीं, बांध रुंद आहे, आणि डोळे उघडे ठेवून चालणारा सहसा पडत नाहीं.

अशा रीतीनें तीन वर्षें बरीं गेलीं. नंतर एके दिवशीं पूजा करतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, पळींतलें पाणी देवावर पडण्याऐवजीं ताम्हणाच्या कांठावर पडत आहे. पुढें सहींतील अक्षरें एकमेकांस धक्के देऊं लागलीं. दाढी करतांना गालास जखम झाली कीं रक्त अर्धा अर्धा तास थांबेना. हात मांडीवर स्वस्थ ठेवला असतां तो शांत असे; कांहीं धरावयास गेलें कीं थरथरे. आमच्या तीर्थरूपांचाहि हात उतारवयांत असाच कांपत असे, हें थोरल्या बंधूंनीं आम्हांस आठवून दिलें.

आतां घरांतील मंडळींनीं काय काय सुचविलें तें ऐका. वहिनींच्या माहेरच्या माणसांनीं कवचबीजाचें चूर्ण धाडून दिलें. एका पुतण्यानें गुग्गुळाच्या गोळ्या आणिल्या. दुसऱ्यानें नारायण तेल लावून दंड चांगले रगडून घ्यावे असें सांगितलें. शेजारच्या काकूंनीं लसणाच्या पाकळ्या रोज अनशापोटीं चावावयास सांगितलें. प्रत्येकाच्या बोलण्यांत माया होती; आणि यांतील एकहि वस्तु कोणाच्या मतें औषध नव्हती! "यानें अपाय तर नाहीं ना होणार?" हें वाक्य आम्ही आठ दिवसांत दहा वेळां ऐकलें असेल.

परंतु सर्वांत वजनदार सल्ला आमच्या स्वतःच्या मनांत उठत होता, आणि तो असा कीं, ही रक्ताची गोळीच या कंपाचें मूळ असली पाहिजे, तेव्हां ती सोडून पाहावी. हा विचार मनांतच जिरला, त्याचें कारण पवनीचे आमचे एक स्नेही. वैनगंगेच्या घाटावर पहाटे स्नान करून तोंडपाठ गीता म्हणणारे ते गृहस्थ. त्यांसहि हृदयाचा हाच विकार, हीच गोळी, आणि पुढें असाच हातास कंप. सप्ताहांत पोथीचें पान उलटतांना हात कांपतो व लोक पाहतात, याची त्यांस लाज वाटे. कोणीतरी सांगितलें, "रक्त पातळ झाल्यानें नसांत जोर राहिला नाहीं." त्यांनीं घरांत कोणासहि न सांगतां गोळी बंद केली. कंप होता तसाच राहिला. तीन आठवड्यांनीं सकाळीं उठतांना त्यांचें उजवें अंग गेलें आणि वाणीहि गेली. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें आमचा हात धरिला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. ज्या उजव्या हाताच्या कंपाची त्यांस लाज वाटत होती, तो आतां अगदीं स्थिर होता. त्या दिवसापासून गोळी सोडण्याचा विचार आमच्या मनास पुन्हां शिवला नाहीं. वॉरफरिनसारख्या औषधानें हातास कंप सुटत नाहीं, हें पुढें डॉक्टरांनींहि आम्हांस स्पष्ट सांगितलें.

त्यानंतरचा प्रसंग गोळी सोडण्याचा नव्हे, तर नवी गोळी सुरू करण्याचा आहे, आणि तोच या लेखाचा मुख्य विषय होय. एका लग्नाच्या निमित्तानें आम्ही परगांवीं गेलों होतों. यजमानांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते; यजमानांच्या वडिलांचा कंप त्यांच्याच गोळीनें पुष्कळ उतरला होता. आग्रहावरून आम्ही त्यांजकडे गेलों. त्यांनीं हात पाहिला, कागदावर प्रिमिडोन हें औषध लिहून दिलें, आणि दुसऱ्या रोग्यास बोलाविलें. आम्ही आणखी कोणतें औषध घेतों, तें त्यांनीं विचारलें नाहीं. वॉरफरिनचें नांव आम्हीं काढलें तेव्हां ते दाराशीं उभ्या असलेल्या माणसाशीं बोलत होते. औषध खोटें नव्हतें. कंपावर तें जगभर देतात व गुणहि येतो. पण घरीं परतल्यावर आमच्या धाकट्या सूनबाईंनीं तो कागद हातीं घेतला आणि म्हटलें, "मामंजी, पहिली गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांस दाखविल्यावांचून ही दुसरी घ्यावयाची नाहीं." तिनें त्या कागदाचें छायाचित्र नागपुरास आमच्या डॉक्टरांकडे धाडलें. तासाभरांत उत्तर आलें: "सुरू करूं नका. भेटावयास या."

सूनबाईंचें म्हणणें असें कीं, आपल्या घरांत मुलीचें लग्न ठरवितांना आपण गोत्र विचारतों, पत्रिका जुळवितों, सात पिढ्यांची चौकशी करितों. मग पोटांत एकत्र नांदावयाच्या दोन औषधांची पत्रिका कोणीच कशी जुळवीत नाहीं? हा प्रश्न आम्हांस फार पटला. प्रिमिडोन व वॉरफरिन यांचें जुळत नाहीं तें कसें, हें पुढें डॉक्टरांनीं सविस्तर समजावून दिलें.

यकृत हें आपल्या शरीरांतील भट्टी आहे. पोटांत आलेलीं बहुतेक औषधें तेथें हळूहळू जळून निकामी होतात. हें काम करणारीं कांहीं द्रव्यें आहेत, त्यांस एन्झाइम म्हणतात. प्रिमिडोनचा कांहीं भाग शरीरांत फेनोबार्बिटोन या जुन्या औषधांत रूपांतर पावतो, आणि त्याचा गुणधर्म असा कीं, तें या एन्झाइमांची संख्या वाढवितें. भट्टींत कामकरी वाढले कीं वॉरफरिनहि लवकर जळूं लागतें. दोन-तीन आठवड्यांत आय्. एन्. आर्. खालीं येतो, आणि रोगी गोळी नेमानें घेत असतांहि न घेतल्यासारखा होतो. हात तर स्थिर झालेला, घरची मंडळी आनंदांत, आणि आंतल्या आंत गुठळीचें दार उघडें! डॉक्टरांनीं हें ओळखून वॉरफरिनचें प्रमाण वाढविलें, तरी दुसरा धोका पुढें उभाच असतो. कंप थांबला म्हणून प्रिमिडोन बंद केलें कीं वाढलेले कामकरी कांहीं आठवड्यांत आपापल्या घरीं जातात, वाढविलेलें वॉरफरिन जळेनासें होतें, आणि आय्. एन्. आर्. भलताच वर चढून रक्तस्राव होतो. म्हणजे असें औषध सुरू करतांनाहि धोका आणि सोडतांनाहि धोका. आणि दोन्ही वेळां तो ताबडतोब न दिसतां आठवड्यांनीं दिसतो, त्यामुळें कारण कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

अलीकडे वॉरफरिनऐवजीं डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबान, अपिक्साबान अशीं नवीं औषधें देतात. त्यांस वारंवार रक्ततपासणी लागत नाहीं, ही मोठी सोय आहे. परंतु प्रिमिडोनसारख्या औषधानें त्यांचाहि प्रभाव घटतो, आणि नेहमींच्या तपासणींत तें दिसून येत नाहीं. म्हणून तेथें हा जोड टाळणेंच इष्ट समजतात. शिवाय ज्यांच्या हृदयांत धातूची झडप आहे त्यांस हीं नवीं औषधें चालत नाहींत. त्यांस वॉरफरिन किंवा आपल्याकडे पुष्कळ वापरलें जाणारें असेनोकुमरॉल हेंच घ्यावें लागतें.

नागपुरास गेलों तेव्हां डॉक्टरांनीं प्रथम औषध न लिहितां आमची परीक्षा घेतली. शिक्षकास परीक्षा देण्याचा प्रसंग कचित् येतो! हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसविलें, मग दोन्ही हात पुढें पसरावयास लावले, बोटानें नाक शिवावयास सांगितलें, कागदावर गोगलगाईच्या शंखासारखें वर्तुळ काढविलें, पेला एका हातांतून दुसऱ्या हातांत ओतविला. हात स्वस्थ असतां जो कंप येतो, एका अंगास आधीं सुरू होतो, ज्यासवें चाल मंद होते, अंग ताठरतें, अक्षर बारीक होत जातें, तो पार्किन्सनचा विकार. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं त्याचें प्रथम नीट वर्णन केलें. हात कामास लावला असतां जो येतो व पुष्कळदां वडिलांकडून मुलाकडे येतो, तो आमचा. यास ते इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. दोहोंचें औषध निराळें. वहिनींच्या कवचबीजांत लेव्होडोपा हें पार्किन्सनवरील द्रव्य खरोखरच असतें. मद्रासच्या दामोदरन् व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं तें त्या बियांतून वेगळें काढून दाखविलें. म्हणजे चूर्ण निरर्थक नव्हे. पण आमच्या कंपास त्याचा उपयोग नाहीं, आणि त्यानें एकाएकीं रक्तदाब उतरून माणूस पडला, तर ज्याचें रक्त लवकर गोठत नाहीं त्यास डोक्याचा साधा मारहि जीवघेणा ठरूं शकतो.

यानंतर डॉक्टरांनीं कंपाचीं दुसरीं कारणें शोधलीं. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि फाजील काम करूं लागली तर हातहि कांपतो आणि हृदयहि थरथरतें. तिच्यामुळें वॉरफरिनचा प्रभावहि वाढतो. एका मुळाच्या या दोन फांद्या असूं शकतात, म्हणून कंप व हृदयविकार एकत्र दिसले कीं ही तपासणी चुकवूं नये. आमची ग्रंथि निर्दोष निघाली. दम्याचे कांहीं फवारे, फिटांवरील कांहीं गोळ्या, रक्तांतील साखर उतरणें, फार चहा-कॉफी, यांनींहि हात कांपतो. हृदयाच्याच अनियमित ठोक्यांवर दिलें जाणारें अमिओडारोन हें औषध तर तीन बाजूंनीं घोंटाळा करितें: कंप आणितें, थायरॉइड बिघडवितें आणि वॉरफरिनचा जोर वाढवितें. तें आमच्या यादींत नव्हतें. आमच्या यादींत मेटोप्रोलॉल होतें, नाडी आवरण्यासाठीं.

तेथेंच उपाय सांपडला. त्याच घराण्यांतलें प्रोप्रानोलॉल हें थोरलें औषध आहे. तें शोधून काढणारे सर जेम्स ब्लॅक यांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तें हृदयाची गति आवरतेंच, शिवाय हाताच्या कंपावरहि अधिक चालतें. आमच्या दोन्ही डॉक्टरांनीं, म्हणजे हृदयाच्या व मज्जातंतूंच्या, एकमेकांशीं बोलून मेटोप्रोलॉल काढून त्याच्या जागीं प्रोप्रानोलॉल अल्प प्रमाणांत सुरू केलें. हें दम्याच्या रोग्यास चालत नाहीं. मधुमेह्याची साखर उतरली तर त्याची सूचना देणारी धडधड व थरथर हें दाबून टाकतें. नाडी आधींच मंद असलेल्यास धोक्याचें. आणि एकदां चालू केल्यावर एकाएकीं बंद करावयाचें नाहीं. वॉरफरिनचा जोर यानेंहि किंचित् वाढतो, म्हणून आठवड्यानें रक्त तपासलें. आमचा आंकडा २.४ वरून २.७ वर गेला व तेथेंच स्थिरावला.

गुण किती आला, तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. कंप गेला नाहीं; निम्म्यावर आला. डॉक्टरांनीं पूर्वींच सांगितलें होतें कीं, यापुढें जाण्यास निराळे मार्ग आहेत. मेंदूंत बारीक तार बसवून विजेच्या मंद लहरी देण्याची शस्त्रक्रियाहि आहे. पण तीसाठीं रक्ताचें औषध कांहीं काळ थांबवावें लागतें, मेंदूंत रक्तस्राव होण्याचें भय असतें, आणि एवढें साहस पेला सांडतो म्हणून करावें कीं नाहीं याचा विचार ज्याचा त्यानें करावा. ज्याचा घांसच तोंडापर्यंत पोंचत नाहीं त्याचा निर्णय निराळा असूं शकतो. आम्ही आमच्यापुरता असा निर्णय केला कीं, उरलेल्या निम्म्या कंपासह राहावयाचें. स्थिर हातापेक्षां बोलतें तोंड आम्हांस अधिक मोलाचें वाटलें. पवनीच्या घाटाजवळचें तें घर डोळ्यांपुढें होतें.

उरलेल्या कंपाची सोय घरांतल्या घरांत लागली. भंडाऱ्याचें पितळ प्रसिद्धच आहे. हलकी पळी टाकून आमच्या आजीच्या वेळची जड पितळी पळी बाहेर काढली, आणि वजनामुळें हात पुष्कळ सांवरतो असें दिसून आलें. चहा दोनदांच, तोहि अर्धा पेला, दोन्ही हातांनीं. वस्तऱ्याऐवजीं विजेचें यंत्र. मोरींत व जिन्यास धरावयास दांडे.

आतां, ज्या घरांत कोणी असें औषध घेत असेल त्या घरासाठीं सूनबाईंनीं घालून दिलेले नियम येथें सांगतों. एक वही करून तींत सर्व औषधें, त्यांचें प्रमाण व प्रत्येक आय्. एन्. आर्. लिहावा, आणि दांताच्या डॉक्टरापासून डोळ्यांच्या डॉक्टरापर्यंत प्रत्येकास ती आधीं दाखवावी. जेथें विचारीत नाहींत तेथें आपण होऊन सांगावें. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, तसेंच अ‍ॅस्पिरिन, आपल्या मनानें घेऊं नये. हगवणीवर दुकानांतून सर्रास आणिलें जाणारें मेट्रोनिडाझोल वॉरफरिनचा जोर फार वाढवितें. अशीं औषधें घेणें भाग असेल तर रक्त लवकर तपासावें. दंडांत किंवा कुल्ल्यांत सुई टोंचण्यापूर्वीं सांगावें, आणि अंग रगडून घेऊं नये. हलकें तेल चोळण्यास हरकत नाहीं. लसूण, आलें, हळद स्वयंपाकांतल्या प्रमाणांत खुशाल चालतात; औषधाच्या प्रमाणांत नव्हे. गुग्गुळानें प्रोप्रानोलॉल पोटांत कमी शोषलें जातें असें आढळलें आहे, म्हणून तो पुतण्यास परत दिला.

स्वयंपाकघरांतील गोष्ट तर वाचक भगिनींनीं विशेष ध्यानांत घ्यावी. मेथी, पालक, चवळाई, शेवग्याचा पाला यांत "के" जीवनसत्त्व भरपूर असतें व तें वॉरफरिनच्या उलट काम करितें. म्हणून पालेभाजी सोडावयाची नाहीं. तिचें प्रमाण आठवड्यास साधारण एकच ठेवावयाचें. आपल्याकडे चातुर्मासांत एक महिना पालेभाजी वर्ज्य करण्याचें व्रत घेतात, आणि ऋषिपंचमीस भाज्यांचें ताट भरतें. पहिल्यानें आंकडा वर जातो, दुसऱ्यानें खालीं येऊं शकतो. वहिनींनीं आमच्याकरितां ते व्रत आपणाकडे घेतलें व आमच्या पानांत नेहमींची भाजी वाढीत राहिल्या. धर्मशास्त्रांत आतुरास नियम नाहीं, असें त्या म्हणतात. ज्यांनीं व्रत करावयाचेंच ठरविलें असेल त्यांनीं आधीं डॉक्टरांस सांगून मध्यें एकदां रक्त तपासून घ्यावें.

काळी शौचास होणें, लघवींतून रक्त जाणें, नाकांतला स्राव न थांबणें, किंवा डोक्यावर पडणें, यांपैकीं कांहींहि झालें तर बरें वाटत असलें तरी रुग्णालय गांठावें. तोंड वांकडें होणें, एक हात गळून पडणें, बोलणें अडखळणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर कांदा हुंगवीत बसूं नये. त्याच क्षणीं १०८ वर गाडी बोलवावी व वेळ लिहून ठेवावी.

एवढें सर्व वाचून कोणास वाटेल कीं, हा केवढा बंदिवास! आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या घरांत नित्यनेम म्हणून किती गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या; त्यांत आणखी एका वहीची भर पडली. एकत्र कुटुंबांत औषध सुचविणारीं तोंडें पुष्कळ असतात, हें खरें. पण विचारणारें एक तोंड असलें म्हणजे पुरतें, आणि त्या तोंडाचें ऐकण्याइतका मान घरानें त्यास दिला पाहिजे. तें तोंड बहुधा घरांतील सर्वांत धाकट्या सुनेचें असतें, आणि तिनें वडील माणसांच्या औषधांत लक्ष घालणें कित्येक घरांत अधिकपणाचें समजतात. आमचे थोरले बंधूहि प्रथम थोडे रागावले होते. आतां त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वही त्यांनीं स्वतः होऊन सूनबाईंच्या स्वाधीन केली आहे.